गोळी, वर्तनोपचार की दोन्ही? एडीएचडी असलेल्या मुलाच्या आईला उत्तर

तासगाव तालुक्यातील एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेआठ वर्षांचा असून गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकतो. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून एडीएचडीचे (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि ऊर्मी न आवरणे हा विकार) निदान केले आणि मिथाइलफेनिडेट हे औषध लिहून दिले. सांगलीतील समुपदेशक मात्र आधी काही महिने वर्तनोपचार करून पाहा, असे सुचवतात. घरी सासूबाईंचे म्हणणे असे की पोर नुसते द्वाड आहे, त्याचे वडीलही लहानपणी असेच होते, एवढ्याशा जिवाला डोक्याच्या गोळ्या कशाला. दोन्ही उपचार एकदम करता येतात का, आणि करायचे तर कोणता आधी, असे या आईने विचारले आहे.

दोन्ही उपचार एकत्र करता येतात आणि तुमच्या मुलाच्या वयात बहुतेक वेळा तसेच करावे, हे माझे उत्तर आहे. मात्र एका कागदावर गोळी आणि दुसऱ्या कागदावर समुपदेशनाची तारीख असली म्हणजे उपचार एकत्र झाले, असे होत नाही. गोळीचा परिणाम दिवसाच्या कोणत्या तासांत आहे आणि त्या तासांत मुलाकडून काय करून घ्यायचे, याची सांगड घातली तरच त्याला एकत्रित उपचार म्हणता येईल. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत सर्वाधिक राहून जाते ती हीच सांगड.

मिथाइलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रासायनिक संदेशवाहकांचे काम वाढवते, त्यामुळे लक्ष टिकते, मनात आले की लगेच करून टाकण्याची ऊर्मी थोडी आवरते आणि बसून काम करणे जमू लागते. साधी गोळी साधारण अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत तिचा प्रभाव ओसरतो. दीर्घ प्रभावाची गोळी आठ ते बारा तास टिकते. गोळीतून कोणतेही कौशल्य मिळत नाही. दप्तर भरणे, गृहपाठ उतरवून घेणे, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चिडल्यावर हात न उचलणे या गोष्टी शिकाव्याच लागतात. तुमच्या भागातील शेतकरी घरांत मी एवढेच सांगतो की औषधाने रान वाफशावर येते, पेरणी आपणच करायची असते. आणि वाफसा फार काळ टिकत नाही, हेही तुम्हाला सांगायला नको.

या विषयावरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त वाद झालेला अभ्यास अमेरिकेत झाला. तो एमटीए या नावाने ओळखला जातो आणि त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट करून त्यांच्यावर १४ महिने उपचार केले गेले. एका गटाला काटेकोर देखरेखीखाली औषध, दुसऱ्याला सघन वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले आणि चौथ्या गटातील मुलांना आपापल्या गावच्या डॉक्टरांकडे नेहमीसारखे उपचार घेण्यास सांगितले गेले. लक्ष न लागणे आणि अतिचंचलता या मूळ लक्षणांपुरते पाहिले तर औषध मिळालेले पहिले आणि तिसरे गट उरलेल्या दोन्ही गटांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते, आणि नुसते औषध व एकत्रित उपचार यांत मोठा फरक दिसला नाही. औषधाचे समर्थक इथेच थांबतात. मात्र मुलाचा हट्ट आणि आक्रमकता, चिंता, समवयस्कांशी वागणे, आईवडिलांशी असलेले नाते आणि वाचनातील प्रगती या बाबतींत नेहमीच्या उपचारांवर ठळक आघाडी दिसली ती मुख्यतः एकत्रित गटाची. शिवाय त्या गटाचे कमी औषधात भागले. अभ्यासाच्या अखेरीस एकत्रित गटातील मुलांना दिवसाला सरासरी सुमारे ३१ मिलिग्रॅम औषध लागत होते, तर नुसत्या औषधाच्या गटात ते सुमारे ३८ मिलिग्रॅम होते.

या अभ्यासातील चौथ्या गटाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. त्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलांना गावच्या डॉक्टरांकडून औषध मिळतच होते, तरीही ती मुले देखरेखीतील औषधाच्या गटाएवढी सुधारली नाहीत. देखरेखीच्या गटात दर महिन्याला निवांत भेट होत असे, शिक्षकांकडून माहिती मागवली जात असे आणि त्यानुसार मात्रा बदलली जात असे. चौथ्या गटात मात्रा कमी आणि भेटी तुरळक होत्या. म्हणजे औषध सुरू असणे आणि औषधोपचार सुरू असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकदा लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन सहा महिने तीच गोळी देत राहणाऱ्या पालकांना मी हे नेहमी ऐकवतो, कारण त्यांचा पुढचा निष्कर्ष ठरलेला असतो: ‘औषधाने काही फरक पडला नाही.’

तुमच्या समुपदेशकांचे म्हणणेही निराधार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पेल्हम यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ ते १२ वर्षांच्या १४६ मुलांपैकी काहींना आधी औषध आणि काहींना आधी वर्तनोपचार दिले गेले. पुरेसा गुण न आल्यास त्याच उपचाराची मात्रा वाढवायची किंवा दुसरा उपचार जोडायचा, अशी रचना होती. शाळेच्या वर्षाअखेरीस वर्गातील नियम मोडण्याचे प्रमाण वर्तनोपचारापासून सुरुवात केलेल्या मुलांत कमी आढळले. ज्यांची सुरुवात औषधाने झाली होती, त्यांच्या पालकांना पुढे प्रशिक्षणासाठी बोलावले तेव्हा बहुतेक जण फिरकलेच नाहीत. आपल्याकडेही यापेक्षा वेगळे घडत नाही. गोळीने पंधरा दिवसांत वर्ग शांत होतो, बाईंच्या तक्रारी थांबतात, आणि मग शनिवारी एसटीने सांगलीला येऊन दोन तास बसण्याचे कारण घरच्यांना उरत नाही.

म्हणून तुमच्यासारख्या प्रकरणात मी असा क्रम ठेवतो. घर आणि शाळा यांतील बदल आजपासून सुरू करावेत. त्याच आठवड्यात औषधापूर्वीची तपासणी उरकावी: उंची, वजन, नाडी, रक्तदाब, आणि कुटुंबात कोणाला लहान वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू झाला आहे का याची चौकशी. सहा ते आठ आठवड्यांनंतरही शाळेतील अडचण तशीच राहिली तर औषध जोडावे, आणि त्यानंतरही पालकांच्या भेटी ठरल्याप्रमाणे चालू ठेवाव्यात. मूल स्वतःच्या जिवाला धोका करून घेत असेल तर मात्र मी हे आठवडे वाट पाहत नाही. घराशेजारी कठडा नसलेली विहीर आहे, गोठ्यात कडबाकुट्टी चालते, दारात ट्रॅक्टर उभा असतो आणि विचार करण्याआधी हात पुढे जाणारे मूल दिवसभर तिथेच वावरते, अशा घरात औषध लांबणीवर टाकणे मला पटत नाही. तीच गोष्ट रोज मार खाणाऱ्या किंवा शाळेतून काढून टाकण्याच्या बेतात आलेल्या मुलाची. सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी उलट नियम आहे: अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे त्या वयात पालक-प्रशिक्षणालाच पहिला उपचार मानतात, आणि मीही चार-पाच वर्षांच्या मुलाला औषध लिहिण्यापूर्वी बराच थांबतो.

आता वर्तनोपचार म्हणजे नेमके काय, ते सांगतो, कारण सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे. मुलाला समुपदेशकाच्या खोलीत सोडून आपण बाहेर बाकावर बसणे म्हणजे या वयातला वर्तनोपचार नव्हे. खोलीत एका मोठ्या माणसासमोर ही मुले बऱ्याचदा उत्तम वागतात. काय करायला हवे हे त्यांना ठाऊकही असते, पण नेमक्या वेळी ते हातून घडत नाही. त्यामुळे उपचार जिथे आणि ज्या क्षणी अडते तिथेच व्हावा लागतो, आणि तो आई, वडील, आजी व वर्गशिक्षक यांच्या हातून व्हावा लागतो. शिकायचे असते ते मोठ्यांनी.

सूचना स्वयंपाकघरातून ओरडून न देता जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच द्यावी. ‘आवर लवकर’ ही सूचना त्याला काहीच सांगत नाही. ‘मोजे घाल’ ही सांगते. काम झाले की त्याच क्षणी, काय चांगले केले ते नेमके सांगून कौतुक करावे. बक्षीस लहान आणि त्याच दिवशी मिळणारे असावे. ‘वार्षिक परीक्षेत चांगले गुण पडले तर सायकल’ हे आश्वासन या मुलांच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण लांबच्या फळासाठी आज कळ सोसणे हेच त्यांना कठीण जाते. त्याऐवजी संध्याकाळी वडिलांबरोबर अर्धा तास क्रिकेट हे बक्षीस पुष्कळ काम करते. लक्ष वेधण्यासाठी केलेल्या किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करावे, आणि पहिल्या आठवड्यात त्या खोड्या वाढतील हे गृहीत धरावे. वाढल्या म्हणून चौथ्या दिवशी ओरडलात, तर अजून जोर लावला की लक्ष मिळते एवढेच तो शिकेल. मारणे, नातेवाइकांसमोर अपमान करणे आणि जेवण बंद करणे या तिन्ही गोष्टी पूर्णपणे थांबवाव्यात.

शाळेसाठी मी रोजचे एक पत्रक देतो. त्यावर तीनच गोष्टी असतात आणि त्या मोजता येण्याजोग्या असतात: फळ्यावरचे लिखाण पूर्ण उतरवले का, विचारल्याशिवाय जागेवरून किती वेळा उठला, मधल्या सुट्टीत मारामारी झाली का. बाईंनी प्रत्येक तासिकेनंतर खूण करावी आणि घरी त्या खुणांवरून त्याच संध्याकाळचे बक्षीस ठरावे. सुरुवातीचे लक्ष्य इतके सोपे असावे की दहापैकी सात-आठ दिवस ते त्याला गाठता यावे. पहिल्याच आठवड्यात हरलेले मूल पत्रक फाडून टाकते. पन्नास मुलांच्या वर्गात हे कसे जमणार, असे शिक्षक म्हणतात आणि त्यांची अडचण खरी आहे. पण तीन खुणांना दिवसभरात मिळून दोन-तीन मिनिटे लागतात, आणि हेच पत्रक पुढे औषधाची मात्रा ठरवताना मला कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सांगड घालण्याचे काम इथून सुरू होते. तुमची शाळा साडेदहाला भरते. साधी गोळी सकाळी सातला दिली तर शाळेची घंटा होईपर्यंत तिचा जोर संपत आलेला असतो, आणि दिवसातला सर्वांत चांगला काळ अंघोळ आणि नाश्त्यात खर्ची पडतो. मी अनेक घरांत पाहिले आहे की गोळी बदलण्याची गरज नव्हती, घड्याळ बदलण्याची होती. अशा शाळेसाठी साडेनऊच्या सुमारास पोटभर जेवणानंतर गोळी द्यावी, आणि दुपारच्या तासिकांसाठी दुसरी लागणार असेल तर ती शाळेत कोण देणार हे आधी ठरवावे. ते जमणार नसेल तर दीर्घ प्रभावाच्या गोळीविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोलावे. ती सकाळी जरा लवकर द्यावी लागते, अन्यथा रात्री झोप लागत नाही. नवी आणि किचकट गोष्ट, उदाहरणार्थ गणिताचे लेखन किंवा वही नीट ठेवण्याची पद्धत, सुरुवातीला औषधाच्या तासांतच शिकवावी. संध्याकाळी सहानंतर बहुधा औषध नसते. तो काळ केवळ घरच्या शिस्तीवर तोलायचा असतो, म्हणून त्यात अपेक्षा कमी ठेवाव्यात. आधी खेळ, मग दहा-दहा मिनिटांचे गृहपाठाचे दोन-तीन तुकडे, आणि मोबाईल शेवटी. गोळी उतरताना काही मुले तासभर चिडचिडी होतात, त्या तासात शिकवणी लावू नये.

डॉक्टर साधारणपणे पाच मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेने सुरुवात करतात आणि आठवड्याच्या अंतराने ती वाढवतात. दहापैकी सुमारे सात मुलांना या जातीच्या पहिल्याच औषधाने गुण येतो. भूक मंदावणे हा सर्वाधिक आढळणारा त्रास आहे. म्हणून गोळीआधी भाकरी, अंडे, दूध, शेंगदाण्याची चटणी असे भरीव खाणे द्यावे, आणि रात्री नऊ-साडेनऊला भूक परतते तेव्हा ‘आत्ता कसले जेवण’ असे न म्हणता पुन्हा वाढावे. पोट दुखणे, डोके दुखणे, झोप उशिरा लागणे हे त्रास मात्रा आणि वेळ बदलून बहुधा आटोक्यात येतात. उंचीविषयी पालक विचारतात आणि ती शंका रास्त आहे: एमटीए अभ्यासात तीन वर्षे सातत्याने औषध घेतलेली मुले सुमारे दोन सेंटीमीटर मागे राहिलेली दिसली, म्हणूनच दर तीन ते सहा महिन्यांनी उंची-वजन मोजून नोंदवले जाते. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, भास होणे किंवा मूल अगदी गप्प, निर्जीव वाटणे यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. गप्प बसलेले मूल म्हणजे बरे झालेले मूल, असे समजू नये. बहुतेक वेळा मात्रा जास्त झालेली असते.

मिथाइलफेनिडेट चालत नसेल तर अ‍ॅटोमोक्सेटिन हा पर्याय आहे. ते दिवसभर काम करते, पण पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्यात निकाल मागणाऱ्यांनी धीर धरावा.

सासूबाईंच्या भीतीला हसण्यावारी नेऊ नये. या गोळीची सवय लागेल का, असे त्यांना वाटते आणि औषधाच्या दुकानातला अनुभव ती भीती वाढवतो. मिथाइलफेनिडेट आपल्या कायद्यात शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत येते. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. ही व्यवस्था गैरवापर रोखण्यासाठी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत बालपणी हे औषध घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. मात्र हे औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्यामुळे शेवटची गोळी संपायच्या आठवडाभर आधी सांगली-मिरजेची खेप करावी. गोळ्या घरात मोठ्यांच्या ताब्यातच ठेवाव्यात.

‘त्याचे वडीलही असेच होते’ हे सासूबाईंचे वाक्य मला वैद्यकीयदृष्ट्या फार मोलाचे वाटते. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत तो ७० टक्क्यांच्या वर निघतो. वडिलांना आजही वस्तू विसरणे, कामे अर्धवट सोडणे, पटकन तापणे हे जमेस धरून चालावे लागत असेल, तर रोजचे पत्रक भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकून योजना चालणार नाही. आणि त्यांची इच्छा असल्यास त्यांचीही तपासणी करून घ्यावी. प्रौढांमध्ये औषध घेऊनही उरलेल्या अडचणींवर नियोजन शिकवणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती उपयोगी पडते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन सॅफ्रेन यांच्या २०१० च्या अभ्यासाने दाखवले आहे. एकत्र कुटुंबात आजीलाच पत्रकाच्या खुणा मोजण्याचे काम द्यावे, असा माझा अनुभवावरून सल्ला आहे. विरोध करणारी व्यक्ती उपचाराची हिशेबनीस झाली की विरोध बराच कमी होतो.

साखरेविषयी उसाच्या पट्ट्यात हमखास विचारले जाते: साखर-गुळाने मूल चंचल होते, हा समज १९९५ च्या एकत्रित विश्लेषणात टिकला नाही. ब्राह्मी किंवा तत्सम काही देत असाल तर डॉक्टरांना सांगावे, त्याच्या भरवशावर मुख्य उपचार थांबवू नयेत. निवासी अकादमीत किंवा सैनिकी शाळेत घातले की मुलगा सरळ होईल, ही आपल्या भागातील लोकप्रिय कल्पना मला धोक्याची वाटते, कारण शिक्षा वाढते आणि नेमकी मदत थांबते.

दोन्ही उपचार नीट चालूनही अभ्यासात प्रगती नसेल तर अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील मूळ अडचण) चाचणी करून घ्यावी. ती एडीएचडीबरोबर वारंवार आढळते, औषधाने जात नाही, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश असल्याने प्रमाणपत्राचा परीक्षेत उपयोग होतो. दर आठवड्याला सांगलीला येणे शक्य नसेल तर महिन्यातून एक भेट आणि मधे फोन एवढ्यावरही पालक-प्रशिक्षण चालते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्यांच्याकडेही नोंद करावी, एडीएचडी त्यांच्या यादीत आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

औषध आयुष्यभर घ्यावे लागेल का, हा तुम्ही न विचारलेला पण मनात असलेला प्रश्न असावा. काही मुलांना मोठेपणीही लागते, काहींना लागत नाही, आणि ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. वर्षातून एकदा, डॉक्टरांशी ठरवून, एक-दोन आठवडे औषध थांबवून पाहावे. त्यासाठी जूनमधील शाळेचे पहिले दिवस किंवा परीक्षेचा महिना निवडू नये. नव्या बाईंना मूल ओळखीचे झाल्यावरचा ऑगस्ट-सप्टेंबरचा काळ सोयीचा असतो. मिथाइलफेनिडेट असे थांबवता येते, परंतु एडीएचडीसाठी कधीकधी दिले जाणारे क्लोनिडिन हे दुसरे औषध चालू असेल तर ते एकाएकी बंद केल्यास रक्तदाब चढतो, म्हणून ते स्वतःहून कधीही थांबवू नये. त्या दोन आठवड्यांत रोजचे पत्रक मात्र बाईंकडून नेहमीप्रमाणे भरून घ्यावे आणि आधीच्या दोन आठवड्यांच्या पत्रकांसह भेटीला आणावे, कारण औषध पुन्हा सुरू करायचे की नाही हे आम्ही त्या खुणा शेजारी ठेवूनच ठरवतो.